फलाट चारवरचं राज्यशास्त्र

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी लाल अक्षरांची पाटी होती, आणि मारोतराव नावाच्या माणसानं ती एक दिवसही पाळली नाही.

मी तिथं ग्रंथपाल होते. हिंगोलीच्या बसस्थानकाला लागून आमच्या दोन खोल्या. मारोतराव स्थानकावर कंट्रोलर, म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माईकवरून पुकारणारा माणूस. दुपारी पाळी सुटली की खाकी कपड्यातच यायचे, चपला दाराशी काढायचे, पेपर उचलायचे आणि मथळ्यापासून खणखणीत आवाजात वाचायला लागायचे. बाकीचे वाचक माझ्याकडे पाहायचे आणि मी मारोतरावांकडे.

“मारोतराव, मनातल्या मनात वाचा हो.”

“मनातल्या मनात मला येत न्हाई बाई. घशातून गेल्याबिगर अक्षर कळतच न्हाई. काय करू, सांगा.”

“मग बाहेर पायरीवर बसून वाचा.”

ते उठायचे, पायरीवर बसायचे आणि तिथून आणखी मोठ्यानं वाचायचे. का, तर आतल्यांचं नुकसान होऊ नये म्हणून! असा हट्टी माणूस.

हा आवाज त्यांनी माळावर कमावला होता. घरची मेंढरं होती, पोरपण त्यांच्यामागे गेलं. “दोन माळ पल्याड गेलेलं मेंढरू हाकेनं वळवायचं, तर तोंडातल्या तोंडात बोलून भागत न्हाई,” असं म्हणायचे. शाळेत उशिरा गेले, मॅट्रिक झाले, एसटीत लागले. त्यांचं चरित्र मला एवढंच माहीत आहे आणि एवढं पुरेही आहे. अंगानं काटकुळे, मिशा पिकलेल्या, खिशाला दोन पेनं, आणि राग असा की विचारू नका. ‘चालतंय की’ असं कोणी म्हटलं रे म्हटलं, की यांचं डोकं फिरलंच. “कसं काय चालतंय? लंगडून राहिलंय ते, अन् तुमी म्हणता चालतंय!” मला त्यांचा रागच यायचा. खोटं कशाला बोलू? दुपारी त्यांची चप्पल दाराशी दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची.

एका दुपारी डोंगरकड्याचे गफूरभाई त्यांच्या मुलीला घेऊन आले. गफूरभाई बाजारोबाजार बांगड्या विकत. मुलगी रेहाना, अठरा-एकोणीस वर्षांची, जन्मापासून दिसत नव्हतं. परगावच्या अंधांच्या निवासी शाळेत ती ब्रेल शिकली, बारावीपर्यंत कशीबशी पोचली. त्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला शब्द दिला होता की, बी.ए. होऊन ये, तेव्हा आमची एक शिक्षिका निवृत्त होतेय, तिच्या जागेवर तुला घेऊ. तीन वर्षांचा हिशोब होता. पोरीचं सगळं आयुष्य त्या एका जागेवर टांगलेलं.

“बाई, कालेजची किताबं उंगलीनं वाचायची मिळतेत का तुमच्याकडं?” गफूरभाईंनी विचारलं.

आमच्याकडे नव्हती. कॉलेजातही नव्हती. मी म्हणाले, “घरात कोणाकडून तरी वाचून घ्या.” घरात वाचणारं कोणी नाही हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, तरी मी म्हणाले. पाटीखाली बसणाऱ्या माणसाला अशी उत्तरं पाठ असतात.

रेहानाचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. “ते बाहेर कोण वाचून राहिले?” तिनं विचारलं.

“ते आमचे कंट्रोलर. त्यांना हळू बोलता येत नाही.”

ती काठी टेकत पायरीपाशी गेली. “चाचा, पेपर ठेवा की बाजूला. माझं पुस्तक वाचता का?”

काय, कुणाचं, कशासाठी, असलं काही मारोतरावांनी विचारलं नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, “कितवं पान?”

तिथून सुरू झालं.

कॉलेजात तिचं नाव होतं, पण डोंगरकड्याहून रोज येणं तिला जमणार नव्हतं, म्हणून कॅसेटची कल्पना निघाली. ऐकायचा टेप गफूरभाईंच्या घरी होता; भरायला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हमीदभाईंनी एक जुना टेपरेकॉर्डर नीट करून दिला. नव्या कॅसेट आणणार कुठून? मारोतरावांनी ड्रायव्हर लोकांकडून जुन्या, वाजून वाजून झिजलेल्या गाण्यांच्या कॅसेट गोळा केल्या, पुन्हा भरता याव्यात म्हणून त्यांच्या पाठीवरच्या भोकांना चिकटपट्टी लावली आणि त्यांच्यावरच पुस्तकं भरली. त्यामुळे कधीकधी मूलभूत हक्कांचं प्रकरण संपतं न संपतं तोच कुठल्या तरी लग्नातल्या गाण्याच्या दोन ओळी दणक्यात सुरू व्हायच्या. रेहाना सांगायची, “चाचा, हक्क संपले की मी बी थोडं नाचून घेते.”

वाचायचे घरी, मागच्या खोलीत. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला बापाची काळी घोंगडी टांगलेली. त्यांच्या मंडळींना तेवढ्या वेळात भांडं हलवायचीही बंदी. त्या माऊलीनं किती दुपारी हातात लाटणं घेऊन नुसत्या बसून काढल्या असतील, तिचं तिला ठाऊक.

आणि वाचायची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्यानं एक तर हसावं नाही तर शिस्तीत बसावं. प्रत्येक पानाच्या आधी पानाचा नंबर, अगदी फलाट पुकारल्यासारखा. पुस्तकाचं नाव, छापखाना, किंमत, अर्पणपत्रिका, शुद्धिपत्र, सगळं वाचायचं. मी एकदा म्हटलं, “अहो, किंमत कशाला? तिला काय विकत घ्यायचंय?” तर म्हणाले, “तुमाला दिसते ना किंमत? मंग तिला काहून न्हाई?” चूक झाली तर कॅसेट मागं घ्यायची नाही. “चुकलो. पुन्हा वाचतो,” असं स्पष्ट म्हणायचं आणि पुन्हा वाचायचं. आणि आवाजात चढउतार, हुंदके, नाटकीपणा बिलकुल नाही. त्यांचं म्हणणं, “रडायचं का हसायचं ते ऐकणारा ठरवील. आपलं काम गाडी फलाटाला लावायचं.”

हळूहळू ऐकणारे वाढले. मोतीबिंदूनं वाचणं सुटलेले एक निवृत्त मास्तर, खाटेवरून न उठणारी एक बाई, वारंगा फाट्यावरचा एक पंक्चरवाला, ज्याला वाचता येत नव्हतं पण थोरामोठ्यांची चरित्रं ऐकायची भारी हौस. कॅसेट माझ्या कपाटात राहायच्या आणि कापडी पिशवीतून कंडक्टरांच्या हाती गावोगाव जायच्या यायच्या. मी वाचनालयाचा माणूस, मला नियम दिसले. म्हटलं, जामीन घ्या, ओळखपत्र घ्या, अंधत्वाचा दाखला घ्या. मारोतराव भडकले.

“दाखला? डोळेवाला तुमच्या दारात येतो, पेपर उचलतो, फुकट वाचतो, ढेकर देऊन घरी जातो. त्याला इचारता का, तुह्या डोळ्याचा दाखला दाव म्हणून? मंग कानवाल्याला काहून तकलीफ?”

दाखल्याविना कॅसेट जाऊ लागल्या आणि सांगायला हरकत नाही, त्या सगळ्या परतही आल्या. पुस्तकांचं तसं म्हणता येत नाही.

एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक आले. रेहाना त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी एक पातळसं गाईड मारोतरावांपुढे ठेवलं आणि प्रेमानं सांगितलं, “एवढं जाडं पुस्तक कशाला वाचत बसता? या मुलांना सार पुरे. पास होण्यापुरतं.”

मारोतरावांनी गाईड उलटंपालटं करून पाहिलं. “सर, तुमी कुठले?”

“मी नांदेडचा.”

“दर शनवारी गावी जाता. मी पाहतो. या शनवारी तुमाला वारंगा फाट्यावर उतरवतो. उरलेलं नांदेड समजून घ्या. पोचण्यापुरतं.”

प्राध्यापक गाईड तिथंच ठेवून गेले. त्या गाईडची पानं मारोतरावांनी पुढं भजी खायला वापरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं. रेहाना दोन्ही वर्षं नीट पास झाली. तिसऱ्या वर्षाच्या राज्यशास्त्राचं पुस्तक चौदा प्रकरणांचं, चौदा कॅसेटचं. दहा तिच्याकडे पोचल्या होत्या. शेवटच्या चार मारोतरावांनी भरून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाले, “संध्याकाळच्या गाडीनं पाठवा बाई. पोरगी वाट पाहून राहिली.”

त्या संध्याकाळच्या गाडीनं त्या गेल्या नाहीत. आता इथून पुढचं लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. पाहुण्यांची, फितींची, नारळांची नुसती चंगळ. रोज काही तरी उघडत होतं. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांना कोणीतरी सांगितलं की तुमच्याकडे तर अंधांसाठी फुकट कॅसेटचं ग्रंथालय चालतंय, जिल्ह्यात पहिलंच. तीन वर्षं चालू होतं, तेव्हा या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं की ही पिशवी कसली. आता त्यांच्या डोळ्यांपुढं मंडप उभा राहिला. काचेचं कपाट आणलं. त्या चार कॅसेट माझ्या टेबलावर असतानाच मला हुकूम झाला की गावोगाव गेलेल्या सगळ्या कॅसेट परत मागवा, उद्घाटनाच्या दिवशी कपाट गच्च भरलेलं दिसलं पाहिजे. टेपरेकॉर्डरही त्यातच ठेवायचा.

मी म्हणाले, “अण्णासाहेब, काहींच्या परीक्षा आहेत.”

“आठ दिवसांचा तर प्रश्न आहे बाई. चालतंय की.”

आणि मी कार्डं लिहिली. स्वतःच्या हातानं. रेहानाला सुद्धा. तिनं दहाच्या दहा कॅसेट कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या हाती पाठवल्या, कागदात नीट गुंडाळून. शेवटच्या चार माझ्या टेबलावरूनच कपाटात गेल्या.

मग मुहूर्त पाहून पूजा झाली. पुस्तकांची पूजा करतात तशीच कॅसेटची! डबे उघडून प्रत्येक कॅसेटला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं. हिंगोलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेत हळदीला काय तोटा? कोणाला वाटलं नाही की याच्या आत बारीक फीत असते. खरं तर मला वाटलं. पण पूजेत कोण आडवं बोलणार? मी तबक धरून उभी होते. नंतर कपाटाला कुलूप आणि कुलपाला लाल फीत. एक किल्ली अण्णासाहेबांनी नेली. दुसरी माझ्या टेबलाच्या खणात होती.

हो, होती.

पाहुण्याची तारीख पुढं गेली. मग आणखी पुढं. आठाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. रेहानाची परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा गफूरभाई तिला हिंगोलीला तिच्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, सोडून गेले, कारण परीक्षेचं केंद्र इथंच होतं. मारोतराव अण्णासाहेबांच्या दुकानी गेले. मी सोबत होते.

“चार कॅसेट द्या साहेब. चारच. परीक्षा झाली की कपाटात ठेवतो.”

अण्णासाहेब हसले. “अहो मारोतराव, फीत बांधलीये. मान्यवरांच्या आधी आपणच कुलूप काढलं तर बरं दिसतं का? पूजा झालेली वस्तू आहे.”

“पोरीचं साल जाईल.”

“एवढी मोठी पोरगी, तीन वर्षं शिकतेय. थोडंफार येतच असेल की.”

मारोतराव तडक निघाले. वाचनालयात येऊन कपाटासमोर उभे राहिले. काचेतून त्यांच्या स्वतःच्या अक्षरातले नंबर दिसत होते, अकरा, बारा, तेरा, चौदा. “काच फोडायला काय लागतं?” ते म्हणाले. “पण चोरी म्हणतील. अन् नाव पोरीचं घेतील.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, याला दुसरी किल्ली असंल ना?”

मी म्हणाले, “अध्यक्षांकडेच आहे. दोन्ही.”

का म्हणाले? नोकरीची भीती, दुसरं काय! अण्णासाहेबांच्या सहीनं माझा पगार निघायचा. पण भीतीला तरी काही आकार असतो. चार कॅसेट दोन दिवस देऊन परत ठेवल्या असत्या, तर कोणाच्या बापाला कळलं असतं? बरं, किल्ली नाही तर नाही, पुस्तक तर माझ्याच फडताळात होतं. मला डोळे होते, तोंड होतं. फुफीच्या घरी जाऊन मी वाचून दाखवू शकत होते. मी गेले नाही. मी टेबलामागे बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते.

मारोतरावांनी ते पुस्तक माझ्याकडून रीतसर सही करून नेलं. लग्नसराई होती, रजा बंद, त्यांची दुहेरी पाळी. पहाटेपासून रात्रीपर्यंत ते माईकसमोर. मग त्यांनी काय करावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

“प्रवासी बंधू-भगिनींनो, सेनगावकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.” मग जराशी खरखर. “प्रकरण अकरावं. पंचायत राज. पान क्रमांक दोनशे एकतीस.”

माझा घास हातातच राहिला. मी बाहेर धावले. फलाट चारच्या बाकावर रेहाना बसली होती, पाठ ताठ, मांडीवर ब्रेलची पाटी, खिळ्यानं टकटक टिपून घेत होती. शेजारी तिची फुफी बुरख्यात, हातात पाण्याची बाटली. आणि सबंध स्थानकावर चारी भोंग्यांतून ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद! अधेमधे गाडी लागली की, “थांबतो. परभणी गाडी फलाट तीन. पुन्हा वाचतो.” लोक आधी चक्रावले. मग बसून ऐकू लागले. एक फेटेवाले बुवा कंट्रोल केबिनच्या खिडकीशी जाऊन भांडले, “सरपंचाला इतके अधिकार असतेत? मंग आमचा काहून म्हणतो की माह्या हातात काही न्हाई?”

“पान दोनशे छत्तीसवर हाय बुवा. थांबा, येऊन राहिलं.”

कळमनुरीच्या एका वऱ्हाडाची गाडी चुकली. तीही ऐकण्यात! नवरदेवाचा मामा म्हणे, “जाऊ द्या, दुसरी हाय अर्ध्या तासानं.”

अकरावं संपलं. दुसऱ्या दिवशी बारावं संपलं. तेरावं आणि चौदावं राहिलं होतं आणि पेपरला दोन दिवस होते. बरोबर बसलं असतं.

तिसऱ्या दिवशी भोंग्यातून दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. अण्णासाहेबांनी वर तक्रार केली होती, की सार्वजनिक माईकचा खाजगी कामासाठी गैरवापर चालू आहे. साहेब लोकांपुढं लेखी तक्रार आली. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. माईक गाड्या पुकारायला असतो, हे खरंच आहे. मारोतरावांना माईकवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. पाळी तीच दुहेरी, रात्रीपर्यंतची, आणि खिडकीसमोर लग्नसराईची रांग. तिथं मान वर करायला फुरसत नाही, वाचणार काय?

रेहाना दिवसभर फलाट चारवर बसून होती. भोंग्याकडं तोंड करून. संध्याकाळी मारोतरावांनी मिनिटभर खिडकी सोडून तिच्यापाशी येऊन सांगितलं, “घरी जा बेटी. आज गाडी न्हाई.” हे मी माझ्या दारातून पाहिलं. खण माझ्यापासून दहा पावलांवर होता.

पेपरात तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणावर मिळून अर्धे प्रश्न आले. रेहाना सात गुणांनी राहिली.

निकालानंतर ती वाचनालयात आली. मला वाटलं, रडेल, बोलेल. ती म्हणाली, “बाई, अकरा अन् बाराचं सगळं लिवलं मी. फेटेवाल्या बुवाचा सवाल बी लिवला.” आणि हसली. जूनमध्ये त्या शाळेनं दुसऱ्या कोणाला घेतलं. मोठ्या बाईंचा तरी काय दोष, त्यांना वर्ग रिकामा ठेवता येत नव्हता. रेहानाचा तो पेपर ऑक्टोबरात सुटला, पण तोवर जागा गेली होती. अशी जागा पुन्हा निघाली नाही. ती डोंगरकड्यालाच राहिली, बापाच्या बांगड्या मापानुसार हातानं चाचपून लावत.

उद्घाटन झालं श्रावणात. हार, तुरे, प्रास्ताविक, ‘दृष्टिहीनांच्या जीवनात प्रकाश’ वगैरे वगैरे. प्रकाश! एकही अंध माणूस मंडपात नव्हता. मारोतरावांना आमंत्रण नव्हतं, ते मागं उभे होते. पाहुण्यांनी फीत कापली, कुलूप उघडलं, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि कळ दाबली. आतून किर्रर्र असा आवाज आला, मग काहीच नाही. पुन्हा दाबली. हमीदभाईंनी कॅसेट काढली तर फितीचं गुंडाळं बाहेर लोंबलं, सगळं पिवळं आणि लाल. हळद, कुंकू आणि चिकट झालेलं नारळाचं पाणी. टाळ्या तरीही झाल्या, बरं का! मंडपात टाळ्या कधी वाया जात नाहीत.

“गाडीच्या इंजनात टाकून पाहा म्हणावं कुंकू,” मारोतराव मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अन् मंग नांदेडला जाऊन दाखवा.”

अर्ध्याअधिक कॅसेट गेल्या त्या गेल्याच. मारोतरावांनी घोंगडी पुन्हा खिडकीला टांगली आणि गेलेली पुस्तकं पहिल्या पानापासून परत वाचायला बसले. ऑक्टोबरच्या परीक्षेआधी रेहानाच्या चौदाच्या चौदा तिला पोचल्या. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं नाही ते नाहीच, कारण समारंभ झाल्यावर अण्णासाहेबांना त्या कपाटात काही रस उरला नव्हता. पिशव्या पुन्हा फिरू लागल्या. माईक मात्र मारोतरावांना परत मिळाला नाही. ते दुपारी पहिल्यासारखे यायचे, मोठ्यानं पेपर वाचायचे. मी भिंतीवरची पाटी काढून टाकली. ती का काढली हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अशी सहा वर्षं गेली. सहा वर्षं माझ्या घशात एक वाक्य अडकलेलं, आणि समोर असा माणूस की ज्याला घशातून गेल्याशिवाय काही कळतच नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी पेढे घेऊन स्थानकावर गेले. त्यानंतर ते गावी गेले, आणि दोन वर्षांनी तिकडेच वारले. तेव्हा हीच आमची शेवटची भेट. ते चौकशीच्या खिडकीत शेवटची पाळी संपवत होते. पलीकडं साहेबांच्या खोलीत खुर्च्या मांडणं चाललं होतं. मी खिडकीतूनच बोलले, कारण आत जाऊन बोलायचा धीर झाला नसता.

“मारोतराव, त्या वेळी दुसरी किल्ली माझ्या खणात होती.”

त्यांनी वहीतून मान वर केली. “माहीत हाय.”

“माहीत होतं?”

“न्हाई म्हणताना तुमी खणाकडं पाहिलं.”

“मग तुम्ही का नाही काढलीत? खणाला कुलूपसुद्धा नव्हतं.”

“किल्ली तुमच्या ताब्यातली. मी काढली असती तर चोरी झाली असती. तुमी काढली असती तर काम झालं असतं.”

“माझं चुकलं. मला माफ करा मारोतराव.”

आणि तो राग आला! सहा वर्षं त्यांनी माझ्यावर काढला नव्हता तो. वही फाडकन मिटली. “मला? मला काहून? परीक्षा माही व्हती का? साल माहं गेलं का? सहा वर्सं झाली, बाई! डोंगरकडा काय काशीला हाय? इथून दिवसातून इतक्या गाड्या जातेत, अन् तुमी भिंतीला भिंत लावून राहता!”

रांगेतले लोक वळून पाहत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, खिडकीची फळी पाडली आणि बाहेर आले. “नांदेड गाडी लागलीय. डोंगरकडा घेते. चला.”

“आत्ता? अहो, तुमचा समारंभ...”

“समारंभाचं नाव काढू नका.”

ते पुढं आणि मी मागं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच. त्यांनी मला गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला दारातूनच सांगितलं, “या बाईला डोंगरकड्याला उतरव. बांगडीवाल्या गफूरभाईचं घर दाखव. अन् मधात कुठं उतरतो म्हणल्या तर उतरू देऊ नको.”

“काहून हो? काय झालं?” कंडक्टरनं विचारलं.

“त्यांचं तिथं काम राहिलंय.”

साहेबांच्या खोलीतून दोघंजण हार घेऊन “मारोतराव, ओ मारोतराव” करत धावत आले. यांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी हलली. मी मागं वळून पाहिलं, तर ते फाटकापर्यंत चालत आले होते. भर रस्त्यात दोन्ही हात कमरेवर ठेवून, गाडी कळमनुरीच्या रस्त्याला वळेस्तोवर उभे होते, मी उतरते की काय ते पाहत.